शनीची वहिवाट

गायरानात एका दगडावर सूर्य ठेवायचा आणि त्याच्याभोवती पोरं फिरवायची, एवढाच कृपादान मोजणीदारांचा बेत होता. यात कुणाच्या बापाचं काही जाणार नाही, असं त्यांना वाटलं. तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला असं वाटावं, हीच खरं तर नवलाची गोष्ट. जिथे जमीन आहे तिथे कुणाच्या ना कुणाच्या बापाचं काही ना काही जातंच, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

पेन्शन घेऊन ते बेलापूरपासून दीड कोसावर हरणवाडीला येऊन राहिले होते. मुलं आपापल्या नोकऱ्यांना लागलेली. दिवसभर घरात बसून ते बायकोच्या स्वयंपाकघराची मापं घेऊ लागले, तेव्हा लिडियाबाई म्हणाल्या, "अहो, चुलीपासून मांडणी किती फूट आहे हे मला नका सांगू. गावात शाळा आहे, तिथं जा. पोरांना काहीतरी शिकवा."

कृपादानांना आकाशाचं वेड होतं. मोजणीवर असताना मुक्कामाला चावडीत पडल्या पडल्या त्यांनी किती वर्षं तारे बघितले होते. शाळेतल्या पोरांना विचारावं तर सूर्य सकाळी उगवतो आणि संध्याकाळी मावळतो, यापलीकडे त्या विषयाची कुणी दखल घेतली नव्हती. यांतलं एक तरी पोर आपल्या आपण हिशेब करून वर बघायला लागलं तर आयुष्याचं सोनं झालं, असं त्यांनी ठरवून टाकलं. माणसाने म्हातारपणी असं काही ठरवू नये. पण ठरवलं.

दुर्बीण कुठून आणणार? त्यांच्यापाशी एकच यंत्र होतं: मोजणीची साखळी. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. पैशाचे नव्हे, लांबीचे आणे. एक आणा म्हणजे दोन फुटांना अंगठाभर जास्त. त्यांनी कागदावर मांडणी केली आणि स्वतःवरच खूश झाले. सूर्यापासून पृथ्वी एक साखळी धरली, की बुध येतो सहा आण्यांवर, शुक्र साडेअकरा आण्यांवर, मंगळ दीड साखळीवर, गुरू सव्वापाच साखळ्यांवर आणि शनी साडेनऊवर. सगळं जणू मोजणी खात्यानेच नेमून दिलं होतं. त्यापुढचा प्रजापती एकोणीस साखळ्या तीन आण्यांवर, म्हणजे थेट तलाठ्याच्या मोसंबीच्या बागेत पडत होता. तो पुढच्या साली घेऊ, असं त्यांनी शहाणपणाने ठरवलं.

याच प्रमाणात सूर्य मोसंब्याएवढा, गुरू हरभऱ्याएवढा आणि पृथ्वी राजगिऱ्याचा एक दाणा. गायरानातल्या दगडाला चुना फासून त्यांनी त्यावर मोसंबं ठेवलं. गावात लगेच बातमी पसरली की मोजणी आली.

लढाईची वर्षं होती. नगरच्या बाजूला लष्कराने रानंच्या रानं घेतल्याचं सगळ्यांच्या कानावर होतं. त्यात हा माणूस खाकी टोपी घालून, साखळी ओढत, लाल झेंड्या रोवत चाललेला. दुपारपर्यंत चावडीपुढे पंधरा माणसं जमली. कुणी म्हणालं छावणी येणार, कुणी म्हणालं कालवा.

"कालवा आसा गोल आस्तोय व्हय?" एकाने विचारलं.

"सरकारचं काय सांगावं. हिकडून पानी सोडत्याल आन फिरवून हिकडंच आनत्याल. मदी आपली रानं जात्याल."

कृपादानांनी त्यांना समजावलं की हा कालवा नव्हे, ही ग्रहांची वाट आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ती कशी, ते पोरांना दाखवायचं आहे. पंधराही माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी जाऊन त्यांतल्या दोघांनी कच्ची ज्वारी कापून टाकली.

पोरं जमवणं त्याहून कठीण गेलं. गुरू व्हायला आठ जण तयार, पृथ्वी व्हायला कुणीच नाही. गावच्या राहीबाईंनी तर काठी टेकत येऊन ग्रहांची हजेरीच घेतली. राहीबाई ऐंशीच्या पुढच्या; गहिनीनाथ आणि मच्छिंद्र या दोन भावांची आई.

"पिर्थमी काय गिरं हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "तिच्यावर तर आपुन हुबं हाय. आन राहू-केतू कुठं हायेत?"

"आजी, राहू-केतू असे खरे ग्रह नाहीत."

"आसं म्हनू नगा. त्यांला राग लई लवकर येतुया."

शेवटी तडजोड झाली. राहू आणि केतू म्हणून दोन पोरं नेमली आणि त्यांच्या हाती साखळीची दोन टोकं दिली. मोजणीला दोन साखळीवाले लागतातच, तेव्हा शास्त्रालाही बाध आला नाही आणि राहीबाईंनाही. राहू झाला गहिनीनाथाचा मुलगा कानिफ.

राहिला शनी. ज्या जिल्ह्यात शनिदेवाच्या भरवशावर लोक दाराला कडी लावत नाहीत, तिथे शनी व्हायला कोण पोर देणार? कृपादान सात घरं फिरले. सातही घरांनी चहा पाजला आणि पोर लपवून ठेवलं. आठवं घर मच्छिंद्रचं. तो म्हणाला, "आमच्या रतनला घ्या की. साडेसातीचं मला काय भ्या दावता? माझ्या मागं अकरा वर्सं गहिनीनाथ हाय."

हे दोघे सख्खे भाऊ. वाटणी झाल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. गहिनीनाथाचं रान गायरानाला लागून, मच्छिंद्रचं त्याच्या मागे. वाटणीनंतर गहिनीनाथाने बांधावरून भावाची बैलगाडी जाऊ देणं बंद केलं होतं. तेव्हापासून मच्छिंद्र आपलं पीक डोक्यावरून काढायचा. आता शनीची कक्षा गहिनीनाथाच्या रानातून जाऊन मच्छिंद्रच्या रानात शिरत होती, ही गोष्ट कृपादानांनी नकाशात पाहिली होती. पण ती त्यांनी आकाशाच्या बाजूने पाहिली होती. जमिनीच्या बाजूने बघायचं ते विसरले. असं त्यांच्या हातून नोकरीत कधी झालं नव्हतं. गहिनीनाथाला त्यांनी रीतसर विचारलं. गुरू म्हणून त्याच्या धाकट्याची नेमणूक होताच त्याने दोन हात रुंद पट्टीतून पोरं चालायला परवानगी दिली.

दर शनिवारी शाळा सुटली की ग्रह सुटायचे. कृपादान हातात घड्याळ आणि थाळी घेऊन सूर्यापाशी उभे राहायचे. पृथ्वीने एका मिनिटात फेरा घालायचा. त्या मानाने बुध पंधरा सेकंदांत. बुधाचं पोर तिसऱ्या मिनिटाला चक्कर येऊन बसायचं, म्हणून तास संपल्यावर सूर्य खायचा मान त्याचा. शनीचा फेरा अर्ध्या तासाचा. रतन, दहा वर्षांची, दोन वेण्या, रमत गमत हरभऱ्यातून चालायची आणि चालता चालता घाटे सोलून खायची. शनी गुरूला खातो, हे ज्योतिषातही कुठे नसेल.

शनिवारी खुद्द शनी गावातून चालतो म्हटल्यावर बायका वाटीत तेल घेऊन रेघेवर उभ्या राहू लागल्या. बोटभर तेल रतनच्या डोक्याला लावून हात जोडायच्या. महिन्याभरात रतनचे केस साऱ्या शाळेत देखणे झाले. ही वार्ता चर्चपर्यंत पोचायला कितीसा वेळ? एलिया पाळक स्वतः घरी आले आणि खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "बंधू कृपादान, आपल्या मंडळीतल्या माणसाने शनीची पूजा चालू केली आहे असं कानावर आलं. मी म्हणालो, आधी विचारावं."

तीस वर्षं रविवारच्या उपासनेला पहिल्या बाकावर बसलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. लिडियाबाईंनी पाळकांना सांगितलं की घरात पूजा फक्त साखळीची होते, रोज तेल लावून पुसतात, आणि ती गंजू नये म्हणून.

पण त्याच आठवड्यातल्या शनिवारी रतन फेरा संपवून त्यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मोजणीदारआजोबा, माझी वाट समद्यांत लांब. वर मलाच हळू चाल म्हनता. लांब हाय तर बिगी बिगी चालाया पायजे. दोन्ही माझ्याच वाट्याला का?"

कृपादान तिच्याकडे बघतच राहिले. जो लांब तो हळू, हे त्यांना स्वतःला चाळिशीत एका इंग्रजी पुस्तकावरून कळलं होतं, आणि या पोरीने ते पायांनी ओळखलं. तिला काय उत्तर दिलं ते त्यांना पुढे आठवेना. जेवताना मात्र ते दोनदा म्हणाले, "पोरगी आहे." लिडियाबाई म्हणाल्या, "भात निवतोय."

दोन महिने असं चाललं. पोरांच्या पायांनी हरभऱ्यात छान पायवाट पडली. पायवाट पडली की काय होतं, हे जमीन मोजणाऱ्याला सांगायला नको. एका शनिवारी रतन नेहमीसारखी गहिनीनाथाच्या रानात शिरली आणि तिच्या मागोमाग, तितक्याच संथपणे, मच्छिंद्रची बैलगाडी शिरली. गाडीत शेणखत.

"हे काय?" कृपादान ओरडले.

"शनीच्या मागं चाललोय," मच्छिंद्र म्हणाला. "वाट हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथाने कक्षेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. पुढल्या शनिवारी शनी काट्यांपाशी येऊन थांबला. थाळी वाजत होती, बाकीचे ग्रह फिरत होते, बुध दोनदा पडला, पण शनी हलेना. अखेर कृपादानांनी सूर्यमाला थांबवली. पोरांनी सूर्य सोलून वाटून खाल्ला आणि सगळी घरी गेली.

मच्छिंद्रने मामलेदाराकडे अर्ज ठोकला: वहिवाटीचा रस्ता अडवला, मोकळा करून मिळावा. मग कागद चालायला लागले. तलाठी नोटीस घेऊन आला. तलाठ्याला गाव भाऊसाहेब म्हणे. अंगाने बारीक, पण कागद जाडजूड काढायचा. नोटिशीत पहिलाच प्रश्न होता, सरकारी गायरानात सूर्य कोणाच्या परवानगीने ठेवला. कृपादानांनी लेखी उत्तर दिलं की सूर्य तास संपल्यावर खाल्ला जातो. त्यावर तलाठ्याने शेरा मारला, 'अतिक्रमण तात्पुरते, फळ स्वरूपाचे.' शिवाय पुरावा म्हणून साखळी जप्त केली. लाखेचं सील करून ती तालुक्याला गेली. जिच्यावर तीस वर्षांत कुणाचा आक्षेप आला नाही, ती साखळी आरोपीसारखी पोत्यात बांधून जाताना कृपादान दारात उभे राहून बघत होते. लिडियाबाईंनी दार लोटून घेतलं.

मग गहिनीनाथ आला. शाळा त्याच्याच खोलीत भरायची. "मोजणीदार, तुमी सायबाला फकस्त इतकंच सांगा, हितं रेघच न्हवती. न्हाईतर शनिवारी एक पोर यायचं न्हाई तुमच्याकडं. आमची भावकी मोठी हाय."

तो गेला आणि मच्छिंद्र आला. "तुमी सांगा, वाट जुनीच हुती, तुमी फकस्त तिच्यावर चुना टाकला. न्हाईतर रतनला शाळंतनं काढतो. तशीबी पोरीची जात, लई झालं."

कृपादान अंथरुणावर बसून राहिले. एका बाजूला सगळी पोरं, दुसऱ्या बाजूला ते एकच पोर. आणि मधे त्यांची जीभ, जिने कुणासाठी एक आणाही इकडचा तिकडे केला नव्हता. "आता काय करू गं?" त्यांनी विचारलं.

"जे मोजलंय ते सांगा," लिडियाबाई म्हणाल्या. "खोटं बोलायला तुम्हाला जमत नाही. मागे एकदा माझी भाजी चांगली झाली म्हणालात, तेव्हाच कळलं मला."

मामलेदारसाहेब जागेवर पाहणीला आले ते सकाळी दहाला. गायरानात टेबल मांडलं. सगळा गाव लोटला. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"या रस्त्याने कोण जातं?"

"शनी," तलाठी म्हणाला.

"किती दिवसांनी?"

साहेबांनी कृपादानांकडे पाहिलं, तसे ते पुढे झाले. "खरा शनी साडेएकोणतीस वर्षांनी, साहेब. इथला दर शनिवारी. ही रेघ मी आखली, दोन महिन्यांपूर्वी, गहिनीनाथांना विचारून. त्याआधी इथे वाट नव्हती."

दोन्ही भाऊ एकाच वेळी त्यांच्याकडे वळले. अकरा वर्षांत त्या दोघांनी पहिल्यांदाच एक गोष्ट मिळून केली.

"रेघ दाखवा," साहेब म्हणाले.

दाखवणार काय? गहिनीनाथाने आदल्या दिवशी हरभरा उपटून सगळ्या रानावर कुळव फिरवला होता. रेघ नाही, पायवाट नाही, झेंडीही नाही. मोजून काढावी तर साखळी तालुक्याच्या कोठडीत. साहेबांनी लेखणी उचलली. "मग रेघ होती याला पुरावा नाही."

तेवढ्यात गर्दीतून रतन पुढे आली. बापाने वेणी धरायला हात घातला, पण तेलामुळे वेणी निसटली.

"तू कोण?"

"शनी," रतन म्हणाली. "रेघ हाय की. नांगरून जात आस्ती व्हय?"

ती चुन्याच्या दगडापाशी गेली, पाठ टेकवून उभी राहिली आणि चालू लागली. आजोबांनी शिकवलेलं तिच्या पायांत बसलं होतं: एक पाऊल एक आणा, सोळा पावलं एक साखळी. ती मोठ्याने मोजत होती. पोरांनी आधी हसून घेतलं, मग तीही मोजू लागली. गुरू, मंगळ, बुध, आणि दबकत दबकत गहिनीनाथाचा राहूसुद्धा. एकशेबावन्नाला ती थांबली आणि टाच रोवली. परत दगडापाशी आली, जरा दुसऱ्या दिशेने चालली, एकशेबावन्नाला टाच रोवली. असं पाच वेळा. कुळवलेल्या काळ्या रानात पाच खळगे उमटले आणि कुणालाही दिसावं इतकं उघड होतं की ते एका गोलावर आहेत.

"आक्का गाव कुळवला तरी दगड हाय तंवर रेघ हाय," रतन म्हणाली. "कुटूनबी मोजा."

कृपादानांचे डोळे भरून आले. त्यांनी टोपी काढून पुसली, टोपीला काही झालं नव्हतं तरी.

साहेबांनी बराच वेळ विचार केला. मग निकाल सांगितला, तो गावाला पुढे तोंडपाठ झाला. 'मार्ग शाबीत होतो. तथापि रस्ता म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे साधन. प्रस्तुत मार्ग जेथून निघतो तेथेच परत येतो, सबब तो रस्ता ठरत नाही. गाडी नेण्यास मनाई. शनी पायी जात असल्यास अडथळा करू नये.'

म्हणजे दोघेही हरले. गहिनीनाथाच्या कागदाला कायमचा शनी लागला आणि मच्छिंद्रचं खत डोक्यावरच राहिलं. दोघांनी आपापले शब्द मात्र पाळले. पुढल्या शनिवारी कृपादान मोसंबं घेऊन दगडापाशी तासभर उभे राहिले. एक पोर आलं नाही. रतनचं नाव शाळेतून कमी झालं होतं. घरी येऊन त्यांनी सूर्य लिडियाबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "संपलं." ते मोसंबं दोघांनी खाल्लं नाही. फडताळात पडून सुकलं.

तीन आठवड्यांनी, शनिवारीच, तलाठी धापा टाकत दारात आला. "मोजणीदार, हे बरं नव्हे. माझ्या बागेत झेंड्या लावायचं कारण काय?"

"मी? माझी साखळी तुमच्या सीलमध्ये आहे."

"तेच म्हणतो मी. सील शाबूत आहे, मग मोजतंय कोण?"

कृपादान टोपी घालून निघाले. बागेशी पोचले तर मोसंबीच्या ओळींतून पोरांचा मेळा चाललेला. पुढे रतन, तोंडाने मोजत. तिच्या मागे कानिफ, हातात फाटक्या लुगड्याच्या लाल चिंध्या. रतनला शाळेत जायला बंदी होती, कानिफला शनिवारी कृपादानांकडे जायला. तलाठ्याच्या बागेबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

"ह्यो प्रजापती," रतन म्हणाली. "तुमी फुडल्या साली म्हनला हुता. फुडल्या साली माझं पाऊल मोठं हुईल, मंग हिसाब चुकंल. म्हनून आत्ताच घेतला."

तलाठी म्हणाला, "बघा. आता तुम्हीच कान उपटा हिचे."

कृपादानांनी रोवलेल्या झेंडीकडे पाहिलं. मग मागे वळून, झाडांच्या फटीतून दिसणाऱ्या पांढऱ्या दगडाकडे पाहिलं. त्यांची मुद्रा कठोर झाली. नोकरीत हाताखालची माणसं या मुद्रेला फार भीत.

"किती पावलं?"

रतनने मान खाली घातली. "तीनशेपाच."

"किती पाहिजेत?"

"तीनशेसात. पर फुडं भाऊसाबांचा गोठा लागतुया. भितीतनं कसं जायाचं? म्हनून दोन सोडली."

कृपादान गोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि आत डोकावले. आत तलाठ्याची दुभती म्हैस रवंथ करत उभी होती, बरोबर तीनशेसातव्या पावलावर. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या भिंतीसाठी, कुणाच्या विहिरीसाठी, एकदा तर खुद्द कलेक्टरच्या तंबूसाठीही रेघ हलवली नव्हती. त्यांनी झेंडी उपटून हातात घेतली आणि ते तलाठ्याकडे वळले.

"भाऊसाहेब," ते नम्रपणे म्हणाले, "म्हैस जरा बाजूला घेता का?"